दोन साडू आणि दीड मिलिमीटर

एक लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनाला टेकलेलं, मूठ म्हाताऱ्याच्या कानामागच्या हाडाला. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले.

•

गच्चीवर टोमॅटोच्या कुंड्या. प्रत्येक रोपाला एक काठी. ऊन पडलं की काठ्या चकाकतात.

•

"माझी कात्री तू घेतलीस."

"मी नाही घेतली."

"मग काय कात्रीला पाय फुटले?"

"तुझ्याबरोबर राहायचं म्हटल्यावर कोणालाही फुटतील."

•

चहाचा कप भिंतीतल्या खिडकीतून इकडून तिकडे जातो. त्यात दोन चमचे साखर. घेणारा एक घोट पितो आणि म्हणतो, "वा, साडूभाऊ!" घेणाऱ्याला चहात साखर अजिबात आवडत नाही.

•

नदीच्या पलीकडच्या काठावर एक माणूस आपल्या बोटीच्या कडेवर पाय सोडून बसलाय. इकडे बघतोय. शेंगा खातोय आणि टरफलं पाण्यात टाकतोय.

•

सहा पोस्टकार्डं एकावर एक ठेवून दाबली की साधारण दीड मिलिमीटर होतात.

•

टक टक टक टक टक टक टक.

•

माणसं

म्हातारा म्हणजे सासरे. उभा जन्म त्यांनी या काठावरून त्या काठावर लाँच चालवली. एक कान इंजिनाने खाल्ला, दुसरा अजून शाबूत आहे आणि फार तिखट आहे.

त्यांना दोन मुली. थोरलीचा नवरा कातारी: लेथ, मिलिंग मशीन, जे काही तासायचं, कातायचं ते त्याच्याकडे. धाकटीचा नवरा फिटर: इंजिनं उघडणं आणि पुन्हा मिटणं हे त्याचं काम. नदीच्या धक्क्याला लागून दोघांच्या दोन शेड, एकमेकींना खेटून. मध्ये भिंत, भिंतीत खिडकी. वरच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक घर.

बहिणी दिवसभर भांडतात. कात्रीवरून, उशीवरून, लहानपणी कोणी कोणाला पाण्यात ढकललं यावरून. भांडण रंगलं की दोघींना भूक लागते, मग एका ताटात जेवतात आणि जेवता जेवता पुढचं भांडण काढतात.

साडू कधीच भांडत नाहीत.

शेडच्या किल्ल्या जावयांच्या हातात देताना सासरे म्हणाले होते, "एकमेकांच्या कामात खोट काढू नका." दोघांनी तेवढंच ऐकलं आणि मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. फिटरने नट सैल ठेवला तर कातारी येता-जाता हळूच आवळून टाकतो. कातार्‍याच्या कामाला धार राहिली तर फिटर गुपचूप कानस मारतो. तोंडाने शब्द नाही. उलट "काय सफाई आहे, साडूभाऊ!" आणि "छे छे, खरी कला तुमची!" दोघंही एकमेकांना अहो-जाहो करतात, जणू दोघंही एकमेकांच्या घरी पाहुणे आलेत.

शेडचं नाव मात्र चांगलं होतं. दोघांच्या चुका जगात कोणालाच माहीत नव्हत्या. ज्याने केल्या त्यालासुद्धा नाही.

•

आजचा दिवस

सासऱ्यांची लाँच उन्हाळ्यात मध्येच बंद पडली होती. पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापून लाल झालं आणि दोन्ही हेडं वाकली. इंजिन जुनं, दोन बाजूंना पंख पसरल्यासारखं, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखं. प्रत्येक बाजूला चार सिलेंडर आणि त्यांच्यावर झाकण म्हणून एक हेड. हेड वाकलं की ते मिलिंग मशीनवर चढवून तासायचं, पुन्हा काचेसारखं सपाट करायचं. ते कातार्‍याने केलं. मग सगळं परत जोडायचं. ते फिटरने केलं.

आणि आज दुपारी तपासनीस बाई येणार होत्या. लाँच धड पलीकडे पोचली तर या मोसमाची फेरी या काठाची, आणि चाकावर धाकटी. बापाच्या जागी. परीक्षा ती कधीच पास झाली होती, फक्त लाँच पास व्हायची बाकी होती. नाही झाली तर फेरी त्या शेंगा खाणाऱ्या माणसाकडे, आणि लाँच भंगारात.

धाकटीने सकाळीच चाक पुसून घेतलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा थोरलीने पुसलं, कारण "तुला पुसता कुठे येतं."

•

काडी

एवढं माहीत असलं की पुरे:

इंजिनाच्या पोटात कॅम नावाचा दांडा फिरतो. वर हेडात व्हॉल्व्ह बसलेले असतात, श्वास घेणारे आणि सोडणारे. कॅम व्हॉल्व्हला थेट भेटत नाही. दोघांच्या मध्ये असते एक पोकळ पोलादी काडी, पेन्सिलीपेक्षा जरा लांब, दोन्ही टोकं गोल. तो पुशरॉड. खालचा निरोप वर पोचवायचा, एवढंच त्याचं काम. खालून कॅमवर बसलेला टॅपेट त्याला ढकलतो, वर तो रॉकर नावाच्या झुलत्या दांडीला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह दाबतो.

हेड तासलं की ते तेवढंच खाली येतं. म्हणजे काडीला जागा कमी. काडी लांब पडली तर व्हॉल्व्ह मिटतच नाही, तोंड उघडं टाकून बसतो. काडी आखूड पडली तर निरोप अर्धवट पोचतो आणि रॉकर नुसताच टाळ्या पिटतो. थोडाफार फरक टॅपेट पोटात घालतो, कारण त्याच्या पोटात तेलावर बसलेली एक छोटी उशी असते. पण उशी ती उशी. तिलाही मर्यादा.

म्हणून हेड तासलं की काडीची लांबी नव्याने ठरवायची असते. मोजून. आणि एकमेकांशी बोलून.

•

आवाज

फिटरने बटण दाबलं. इंजिन एकदा खाकरलं, दोनदा खाकरलं आणि सुरू झालं.

टक टक टक टक टक टक टक.

सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह. धक्क्यावरचे कावळे उडाले.

धाकटी चाकापाशी उभी होती, तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"सुरू झालं की!" कातारी म्हणाला.

"पहिल्याच झटक्यात," फिटर म्हणाला. "हेडं काय बसवलीत, साडूभाऊ."

"छे, जोडणी तुमची."

"आवाज जरा..."

"हो, जरा..."

"टवटवीत आहे."

"टवटवीत! अगदी हाच शब्द."

थोरली वरच्या खिडकीतून ओरडली, "अगं, खाली शंभर माणसं एकदम टाइप करतायत का?"

"कोरडे असतील टॅपेट," फिटर म्हणाला. "तेल चढलं की शांत होतील." हेच त्याने रॉड बसवताना स्वतःलाही सांगितलं होतं, हाताला रॉकर सैल लागले तेव्हा.

तेल चढलं. इंजिन गरम झालं. टॅपेट शांत झाले नाहीत.

सासरे स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरले. वाकून त्यांनी टोक इंजिनाला लावलं, मूठ कानामागे. या सिलेंडरला ऐकलं, त्या सिलेंडरला ऐकलं. मग इंजिन बंद करायची खूण केली आणि सरळ उभे राहिले.

"सगळ्या काड्या आखूड आहेत," ते म्हणाले. "एक-दोन नाही. सगळ्या. हे झिजणं नाही, हे कोणीतरी ठरवून केलेलं आहे."

नदी किती शांत असते ते इंजिन बंद झाल्यावर कळतं.

•

न बोललेलं, आतापर्यंत

कातारी, मिलिंग मशीनपाशी, मागच्या महिन्यात: अरेच्चा. पहिलाच काप खोल गेला. एवढं नको होतं. आता दुसरं हेडही तेवढंच खाली घ्यायला लागणार.

फिटर, दोन दिवसांनी, व्हर्निअर हातात: यांनी दीड मिलिमीटर जास्त तासलंय. बोलायचं नाही. पुशरॉड आखूड करून आणतो, त्यांना कळायचंही नाही.

कातारी, त्याच दिवशी, तांब्याचा पत्रा कापताना: हेडाखाली नेहमीपेक्षा दीड मिलिमीटर जाड गॅस्केट घालतो. हेड पुन्हा होतं तिथे वर. जुने पुशरॉड बरोबर बसतील. साडूभाऊंना त्रास नको.

फिटर, रॉड आणायला निघताना, मोठ्याने: साडूभाऊ, तेवढी हेडं ठेवून घ्याल का ब्लॉकवर?

कातारी, मोठ्याने: अहो, सांगायचं काय त्यात!

(ही शेवटची दोन वाक्यं तेवढी बोलली गेली. चुकीची तीच निघाली.)

आणि मग कातार्‍याने हेडं बसवली, बोल्ट आवळले, इंजिनाला हिरवा रंग दिला. तांब्याची कड रंगाखाली गेली.

•

बोललेलं

"खरं सांगा," धाकटी म्हणाली. ती चाक सोडून खाली आली होती. "दोघांनीही. थोड्या वेळात ती बाई येईल आणि मी तिला काय सांगू? आवाज टवटवीत आहे?"

दोघं साडू आपापल्या चपलांकडे बघत होते.

"पुशरॉड," कातारी हळूच म्हणाला, "जुनेच घातलेत ना, साडूभाऊ?"

"नाही. नवे."

"नवे? का बरं?"

"म्हणजे... जरा आखूड करून आणले."

"आखूड?" कातार्‍याचा आवाज एक पायरी चढला. "कशाला?"

"कारण हेड जरा... तुम्ही छानच तासलंत. भरपूर छान."

"अहो, पण मी गॅस्केट जाड घातलं! तेवढंच जाड! जुन्या रॉडसाठी!"

फिटर बघत राहिला. त्याच्या ओठांवर आकडे हलताना दिसले. "जाड गॅस्केट. वर आखूड रॉड."

"दोन्ही."

"दोन्ही!"

"पण तुम्ही आखूड आणलेत का?"

"तुम्ही जास्त तासलं होतं म्हणून!"

"तुम्हाला ते माहीत होतं?"

"व्हर्निअर आहे माझ्याकडे! डोळे आहेत!"

"मग," कातारी ओरडला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून असा निघाला की तो स्वतःच दचकला, "मग बोलला का नाहीस, अरे!"

अरे.

वर खिडकीत थोरलीने हातातला रुमाल तोंडावर धरला. हसू दाबायला.

फिटर पहिल्यांदा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्याचा चेहरा असा उघडला की जणू खूप दिवसांनी कोणी दाराची कडी काढली.

"मी? तू बोललास का? गॅस्केट रंगवून ठेवलंस! चोरासारखं!"

"तुला त्रास नको म्हणून!"

"मला त्रास हवा होता! माझं काम आहे ते, त्रास घेणं!"

"आणि तुझी ड्रिल बिटं कोण घासून ठेवतं? तुला वाटतं, ती आपोआप धारदार होतात?"

"मी घासतो! तुझी सगळी मीच घासतो!"

"तू घासतोस? मी घासतो! मी रोज तुझी घासतो!"

"म्हणजे माझी तू...?" दोघंही थांबले. हिशोब लागला आणि दोघंही पुन्हा पेटले.

"आणि माझ्या शिकंज्याचा जबडा!" कातारी म्हणाला. " मुद्दाम तिरका ठेवलाय मी, पाइप धरायला! तू दर आठवड्याला तो सरळ करतोस!"

"मला वाटायचं वाकलाय!"

"विचारायचं मग!"

"आणि तू शीळ घालतोस! एकच ओळ! कायम! पुढची ओळ येत नाही तुला!"

"येते!"

"मग घाल की एकदा!" फिटर थांबत नव्हता.

"आणि चहा!" त्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असावा, कारण शेंगा खाणारा माणूस उठून उभा राहिला. "मला चहात साखर आवडत नाही! पहिल्या दिवसापासून! एक चमचाही नाही!"

कातार्‍याचं तोंड उघडंच राहिलं. या एका गोष्टीने त्याला खरंच लागलं. "रोज 'वा' म्हणायचास."

"मग काय थुंकू?"

मागे पायरीवर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. थोरली कधी खाली आली ते कोणाला कळलं नाही. तिच्या मांडीवर टोमॅटोची टोपली. दोघी एकेक टोमॅटो चावत होत्या.

"ताई, बघ, तुझ्या नवऱ्याच्या कपाळावर शीर."

"गोड दिसतोय ना?"

"मला वाटलं नव्हतं यांना जमेल."

"शिकतील हळूहळू. हातवारे कमी पडतायत."

"पाणी आणू का त्यांना?"

"थांब गं. ऐन रंगात आलंय."

सासऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर धक्क्याच्या लोखंडी खांबावर तीनदा आपटला. "गिऱ्हाईकासमोर म्हणालो होतो मी! गिऱ्हाईकासमोर खोट काढू नका! शेडमध्ये, घरात, जिन्यात, पाण्यात हवं तेवढं भांडा! मी काय तुम्हाला देवळातले दोन खांब व्हायला सांगितलं होतं?"

साडू एकमेकांकडे बघत राहिले. आधी कातारी हसला. नाकातून, नाइलाजाने. मग फिटर. मग दोघांना थांबताच येईना. कातारी दोर बांधायच्या खुंटावर बसला, पोट धरून.

"भरपूर छान तासलंत, म्हणे," तो म्हणाला.

"टवटवीत," फिटर म्हणाला आणि खाली वाकला.

•

कुंड्या

"आता जुने रॉड घालायचे," धाकटी म्हणाली. "कुठे आहेत?"

"भंगाराच्या डब्यात टाकले होते," फिटर म्हणाला.

डब्यात नव्हते.

थोरलीने टोपली खाली ठेवली. ती आभाळाकडे बघायला लागली, जणू तिथे काही फार महत्त्वाचं लिहिलं होतं.

"ताई," धाकटी म्हणाली.

"मला काय माहीत कशाचे आहेत ते? सरळ, गुळगुळीत, पोकळ. रोपं पडत होती."

"ताई!"

"तुझ्यासाठी मी माझे टोमॅटो उपटू?"

"आत्ता तुझ्या तोंडात आहे तो कोणाचा रॉड धरून वाढलाय?"

सगळे गच्चीवर गेले. एकेका रोपाला दोरा सोडवायचा, रॉड ओढायचा, रोप हातांनी सावरायचं. थोरली प्रत्येक रोपाची माफी मागत होती. शेवटी मोडक्या छत्रीच्या काड्या, लाकडी पट्ट्या, सासऱ्यांचं जुनं वल्हं, जे मिळेल ते कुंड्यांत गेलं.

पंधरा.

"एक कमी," फिटर म्हणाला.

पुन्हा मोजले. पंधराच. एका व्हॉल्व्हवाचून इंजिन चालत नाही, आणि आजच्या आज तसा एक रॉड करून मिळणार नव्हता. धाकटी गच्चीच्या कठड्याला टेकून बसली. ती गप्प बसली की घरातल्या सगळ्यांना भीती वाटते.

सासरे खोकले. मग सदऱ्याच्या आत, पाठीत हात घालून त्यांनी काहीतरी ओढून काढलं.

"पाठ खाजवायला बरा पडतो," ते म्हणाले. "तिथे हात पोचत नाही माझा."

"बाबा!"

"परत मिळेल ना पण?"

•

माप, मोठ्याने

रॉड रॉकेलमध्ये धुतले, तारेने साफ केले. एकाच्या भोकातून टोमॅटोचं पांढरं मूळ निघालं, दोरीसारखं लांब. ते थोरलीने परत मातीत लावलं, आणि कोणाची हसायची हिंमत झाली नाही. मग थोरलीच्या कपाटाचा आरसा काढून टेबलावर आडवा ठेवला आणि एकेक रॉड त्यावर लाटून बघितला. सरळ रॉड काचेवर गप्प लोळतो, वाकलेला उड्या मारतो. सोळाही गप्प लोळले.

"चला, घालू," कातारी म्हणाला.

"नाही," धाकटी म्हणाली. "आधी मोजायचं. गॅस्केट जेवढं जाड घातलंय असं वाटतंय तेवढंच आहे कशावरून? आणि बोलत मोजायचं. मला दोघांचे आवाज ऐकू आले पाहिजेत."

मापाचा रॉड वेगळा असतो: दोन तुकड्यांचा, मध्ये आटे, फिरवला की लांबी कमी-जास्त होते. फिटरने आखूड रॉड एकेक काढले, इंजिन हाताने फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण मिटेपर्यंत आणलं आणि मापाचा रॉड आत सोडला.

"खेळतो का?" कातारी.

"खेळतो. वर-खाली."

"वाढव."

"वाढवतोय."

"आता?"

"अजून किंचित खेळतो."

"किंचित म्हणजे किती?"

"किंचित म्हणजे किंचित!"

"आकड्यात बोल, गाढवा!"

गाढवा हा शब्द फिटरला इतका आवडला की त्याने मान वर करून दाद दिली. "पाव मिलिमीटर, साडू. वाढवतो. थांब. थांब. हां. आता बोटांत फिरतो, पण वर-खाली होत नाही."

"काढ. जपून. आटा हलू देऊ नकोस."

"मला शिकवतोस?"

"आजपासून शिकवणार!"

व्हर्निअरवर माप घेतलं. त्यात टॅपेटच्या उशीला अर्ध्यावर दाबायला लागतो तेवढा, म्हणजे एक मिलिमीटर, मिळवला. मग सासऱ्यांच्या पाठीतून निघालेला रॉड शेजारी ठेवून मोजला.

उजव्या बाजूला: तंतोतंत.

डाव्या बाजूला रॉड केसभर लांब पडत होता.

"पत्रा," कातारी म्हणाला, आणि आता त्याला काही लपवावंसं वाटेना, "डाव्या बाजूचा पत्रा मी जास्त ठोकला. थोडा पातळ झाला. माझीच चूक!"

"चालेल का?" धाकटीने विचारलं.

फिटरने बोटाने टॅपेट दाबून बघितला. त्याने घाई केली नाही. कातार्‍यानेही दाबून बघितला. एकमेकांकडे बघितलं.

"उशी पोटात घालेल," फिटर म्हणाला.

"एवढं घालेल," कातारी म्हणाला. "याहून जास्त असतं तर मी नाही म्हणालो असतो. तुझ्या तोंडावर."

"आणि मी तुझ्या."

सोळा रॉड आत गेले. रॉकर वर बसले. हाताला आता काहीच सैल लागत नव्हतं.

•

बाई

तपासनीस बाई उंच होत्या, पायात रबरी बूट. त्या कधी आल्या ते कोणालाच कळलं नाही. उलट्या बादलीवर बसून त्या बराच वेळ बघत असाव्यात, कारण त्यांच्या हातात थोरलीने दिलेला टोमॅटो होता, अर्धा खाल्लेला.

"हे दोघे रोज असेच भांडतात?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," थोरली म्हणाली. "आजच सुरू झाले. अजून नवखे आहेत."

धाकटीने बटण दाबलं.

इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं. टक नाही, टकटक नाही. जाड, गोल, पोटातून येणारा आवाज, झोपलेल्या मोठ्या जनावरासारखा. सासरे स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले. स्क्रूड्रायव्हर बाईंच्या हातात दिला. बाईंनीही तो कानामागे लावला, डोळे मिटले, आणि हसल्या.

"बसा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता चालकाचा झाला होता. "दोरी सोडा. ताई, तू त्या बाजूला बस, इकडे वजन जास्त होतंय."

"माझ्या वजनाबद्दल बोलतेस?"

"लाँचच्या वजनाबद्दल बोलतेय. तू त्यातली मोठी गोष्ट आहेस."

लाँच धक्क्यापासून सुटली. पाणी दोन्ही बाजूंना फाकलं. मागे इंजिनापाशी दोघं साडू उकिडवे बसले होते आणि बोलत होते. सगळं बोलत होते: मिलिंगचं पातं बदलायला झालंय, खिडकी मोठी करायला हवी, शिळेची पुढची ओळ. कातार्‍याने ती ओळ घालून दाखवली. चुकीची निघाली. फिटरने तिथल्या तिथे सांगितलं.

धाकटीने एकदाही मागे वळून बघितलं नाही. तिला कानाने कळत होतं, खाली सगळं ठीक आहे. नदीच्या मध्यावर तिने वेग वाढवला, फक्त वाढवावासा वाटला म्हणून.

पलीकडच्या धक्क्याला लाँच अलगद टेकली. शेंगा खाणारा माणूस आपल्या बोटीत आडवा झाला होता, टोपी तोंडावर. तो दचकून उठला.

"आलात कधी?" तो म्हणाला. "आवाजच नाही आला. वल्हवत आलात की काय?"

बाईंनी कागद काढला. त्यांना दुसरं काही तपासायचं उरलं नव्हतं. "चालक म्हणून नाव?"

धाकटीने नाव सांगितलं. सासऱ्यांनी चांगला कान तिच्याकडे केला होता.

"आणि रॉड मला परत," ते म्हणाले. "नवीन करून मिळाला की. आखूड चालेल. पाठीला काय."

परतीच्या वाटेवर किटलीतून चहा झाला. कातार्‍याने फिटरच्या कपात साखर घातली नाही. फिटरने घोट घेतला, जरा थांबला, पुन्हा घेतला.

"काय रे?" कातारी म्हणाला.

"काही नाही," फिटर म्हणाला. मग त्याला आठवलं की आता बोलायचं असतं. "अर्धा चमचा घाल. सवय लागलीय, गाढवा."

•

लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकाच मापाचे सदरे शिवून घेतले होते. कातार्‍याच्या बाह्या आखूड झाल्या, फिटरच्या लांब, आणि दोघंही म्हणाले, अगदी बरोबर बसलाय.